बचावफळीत पातेल्याची जागा

रशीद गेल्याचं मला उत्तमनं फोनवर सांगितलं. आमच्या शेतातल्या सोयाबीनची काढणी बघून मी सेनगावहून हिंगोलीला परतत होतो. जीप गच्च भरल्याशिवाय ड्रायव्हर हलायला तयार नव्हता, आणि फोनवर उत्तम नुसता श्वास घेत होता. तो मुळातच कमी बोलणारा, त्यामुळे मला वाटलं नेहमीसारखा शब्द शोधत असेल. शेवटी म्हणाला, "मधुकरराव... रशीदभाई गेले. दुकानाचं शटर वर करून राहिले व्हते. तिथंच खाली बसले, ते उठलेच न्हाई." आदल्याच रविवारी आम्ही मैदानावर शेजारी शेजारी उभे होतो. त्या दिवशी त्याची एकच तक्रार होती, की माझ्या बुटाची लेस सारखी सुटते आणि या वयात मला लेस बांधायला शिकवायची वेळ त्याच्यावर आली. मी लेस बांधली नाही, आणि तो खेळ संपेपर्यंत पुटपुटत राहिला.

आमची ओळख कॉलेजातली. पुढे त्यानं वडिलांचं भांड्यांचं दुकान सांभाळलं, मी कचेरीत कारकून झालो, आणि रविवार सकाळचा फुटबॉल तेवढा दोघांनाही सुटला नाही. आमच्याकडे पोरं कबड्डी आईच्या पोटातूनच शिकून येतात आणि क्रिकेट टीव्हीवरून. फुटबॉल खेळणारे म्हणजे थोडे चक्रम लोक, असं आमच्या घरच्यांचंही मत आहे. चाळिशी ओलांडलेल्या अशा चक्रमांची आमची टीम होती. तिचा कप्तान, प्रशिक्षक आणि चेंडूत हवा भरणारा, सगळं रशीदच. पुढे खेळणाऱ्यांकडे त्याचं फारसं लक्ष नसे. "गोल काय, नशिबानं बी होतो," म्हणायचा. त्याचा जीव बचावात. मागच्या फळीत आम्ही चौघं होतो. मध्ये रशीद आणि मी, उजवीकडे औंढ्याचे एक शिक्षक, जे वाऱ्यासारखे पळायचे पण कुठे पळायचं हे पळून झाल्यावर ठरवायचे. डावीकडे शिरड शहापूरचा उत्तम, जुना कबड्डीपटू, मांड्या अशा की धडकणाऱ्यालाच लागावं.

बचाव करायच्या ढोबळ रीती दोन. एक म्हणजे प्रत्येकानं समोरच्या टीमचा एकेक माणूस वाटून घ्यायचा आणि खेळ संपेपर्यंत त्याची पाठ सोडायची नाही. दुसरी म्हणजे माणूस नाही, मैदानाचा तुकडा वाटून घ्यायचा. आपल्या तुकड्यात जो येईल तो आपला, पलीकडे गेला की शेजाऱ्याच्या हवाली. रशीद कित्येक वर्षं पहिल्या रीतीचा कट्टर होता. त्याचं म्हणणं, तिच्यात हिशेब साफ राहतो, ज्याचा माणूस सुटला त्याची चूक. "तुकडे वाटले की सगळ्यांची चूक व्हती, म्हंजे कुणाचीच न्हाई," असं तो म्हणायचा. आणि मग एका हिवाळ्यात त्यानं ही रीत एकाएकी सोडून दिली. का सोडली, हे कोडं मी तेव्हापासून सोडवत आलो आहे.

निमित्त उत्तमचं झालं, असं टीममधले बरेच जण सांगतात. झालं असं, की वसमतकडच्या एका टीमशी सामना होता आणि रशीदनं उत्तमला त्यांचा एक उंच खेळाडू नेमून दिला होता. "सोडू नको," एवढंच सांगितलं होतं. उत्तमनं सोडलं नाही. ऊन चढलं तसा तो उंच गडी खेळ चालू असतानाच रेषेबाहेर बाभळीखाली ठेवलेल्या माठाकडे पाणी प्यायला गेला, आणि उत्तम त्याच्या मागोमाग गेला. नुसता गेला नाही, तो पाणी पीत होता तेव्हा हात पसरून त्याच्यासमोर उभा राहिला. इकडे आमची डावी बाजू उघडी पडली आणि तिथून गोल झाला. रशीद कमरेवर हात ठेवून माठाकडे बघतच राहिला. "अरे उत्तम, पाणी प्यायला बी संगं गेलास व्हय?" उत्तम शांतपणे म्हणाला, "तुमीच म्हणले ना, सोडू नको. बराबर धरून ठेवला व्हता." त्याचं काही चुकलं असं त्याला आजही वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत नाही.

पण मला ते निमित्त कधीच पटलं नाही, कारण खरी अडचण मी होतो. त्या पावसाळ्यात सेनगावच्या रस्त्यावर माझी मोटारसायकल घसरली होती आणि उजवा गुडघा पुरता वाकेनासा झाला होता. माणूस वाटून घेतला की माझा माणूस पहिल्या पाच मिनिटांतच मला मागे टाकायचा. सामन्यानंतर चहाच्या टपरीवर मंडळी हळूच म्हणू लागली, की मधुकररावांनी आता थोडा आराम करावा, रेषेवर बसून बघावं. बोलणाऱ्यांचं चुकत होतं असं नाही. पण घरी गुडघ्याला तेल चोळताना मला रडू आलं होतं. कचेरी आणि घर यांच्यामध्ये माझं म्हणावं असं एवढंच होतं, आणि ते आता जाणार हे दिसत होतं. टपरीवर रशीद नुसता बशीतला चहा फुंकत बसला.

पुढच्या आठवड्यात त्यानं मला दुकानात बोलावलं. एक बाई लग्नाच्या भांड्यांवर नावं कोरून घ्यायला थांबल्या होत्या, तरी यानं मशीन बंद करून गल्ल्याशेजारी भांडी मांडली होती. समोरच्या टीमचे म्हणून पेले, आमचे म्हणून वाट्या, उत्तम म्हणून एक जाड तांब्या. आणि मधोमध एक पातेलं.

"हे कोण?" मी विचारलं.

"तू."

"माझं पातेलं काहून केलं?"

"पातेलं पळत न्हाई ना," तो म्हणाला. "पण ठेवलं तिथं ऱ्हाते. आता बघ." आणि तो पेले इकडून तिकडे सरकवत मला समजावू लागला, की आजपासून कुणी कुणाच्या मागे पळायचं नाही, चौघांनी चार तुकडे धरायचे, एक सरकला की बाकीच्यांनी सरकायचं, आणि पातेल्यानं फक्त बघून ओरडायचं. ताटकळलेल्या बाई शेवटी म्हणाल्या, "भाऊ, तुमचं भांडीकुंडी खेळून झालं असेल तर माझ्या डब्यावर नाव घाला." रशीदनं दिलगिरी म्हणून नावाशेजारी एक फूलही कोरून दिलं.

नवी रीत अंगात मुरावी म्हणून त्यानं आम्हा चौघांना एका लांब दोराला धरून मैदानभर सरकायला लावलं. दोर ढिला पडता कामा नये आणि ताणलाही जाता कामा नये. बघणारे पोट धरून हसत होते. उत्तमला मात्र ते चटकन उमगलं. "ही तर साखळीच की," म्हणाला. कबड्डीत चढाई करणाऱ्याला घेरताना हातात हात धरतात, ती साखळी. आणि लगेचच्या सामन्यात समोरून चेंडू आला तेव्हा त्यानं धावत येऊन खरोखरच माझा हात धरला. पंचांनी शिट्टी तोंडाशी नेली, पण नियमात नेमकं काय मोडलं हे त्यांनाही सांगता येईना. त्यानंतर आम्ही फार जिंकायला लागलो असं नाही, पण हरायचं कमी झालं. माझी जागा राहिली.

तुकडे वाटल्यावर रशीद आणि मी शेजारी झालो आणि त्याच्या तोंडाची टकळी सुरू झाली. बचावात बोलावं लागतंच, पण हा काहीही बोले. "मधू, डावीकडं बघ... सेनगावच्या बांधाचं काय झालं रे? सरक, सरक... भावाशी बोललास का न्हाई? बोल की एकदा." समोरचा चेंडू घेऊन अंगावर येतोय आणि हा माझ्या घरातली भांडणं मिटवतोय. गोलरक्षक मागून ओरडायचा, "तुमी खेळून राहिलात का बाजार करून राहिलात?"

हे सगळं चालू असताना माझ्या मनात मात्र एक सल होता. एकदा कुणीतरी चेष्टेत म्हणालं, "मधुकरराव, तुमच्या एका गुडघ्यापायी रशीदभाईनं सारी टीम बदलली." सगळे हसले, मीही हसलो, पण ते आत रुतून बसलं. आपल्याला दया म्हणून ठेवलंय का? खेळातली मेहरबानी माणसाला फार खाली आणते. मी रशीदला अनेकदा खोदून विचारलं, की खरं सांग, उत्तमच्या माठामुळे का माझ्या गुडघ्यामुळे? त्याचं उत्तर ठरलेलं, "तू चेंडूकडं बघ." आता तो गेला आणि विचारायला कुणी उरलं नाही, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या आठवड्यात मी आणि माझी पत्नी शोभा त्याच्या घरी गेलो. त्याची पत्नी नसीमभाभी इद्दतीत आहेत, म्हणजे नवरा गेल्यावर काही महिने परक्या पुरुषासमोर यायचं नसतं, त्यामुळे त्या बाहेर येणार नव्हत्या. ज्या घरात वर्षानुवर्षं त्यांनी मला रागावून रागावून जेवू घातलं, तिथे मी बाहेरच्या खोलीत एकटा बसलो. शोभा आत गेली आणि मध्ये पडदा राहिला. थोड्या वेळानं पडद्यापलीकडून आवाज आला, "मधूभाऊ, चहा घेतला का?" मी हो म्हणालो, आणि काय बोलावं ते सुचेना म्हणून तोच जुना प्रश्न त्यांना विचारून बसलो. अशा वेळी असलं विचारायचं नसतं, हे शोभानं नंतर मला नीट ऐकवलं.

भाभी मग म्हणाल्या, "ते घरी बी भांडी मांडून बसायचे. मी म्हणाले, ते पातेलं बसंना तर काढून ठेवा की, काहून एवढी तकलीफ? तर म्हणाले, नसीम, आजवर मधू त्याचा माणूस घेऊन तिकडं पळतो, मी माझा घेऊन इकडं. आठवड्यात एकदा सापडतो, तो बी लोकांच्या मागं पळण्यात जातो. शेजारी उभं ऱ्हायला मिळंल असं कायतरी मांडायचं हाय..."

 इतकी वर्षं मी विचार करत होतो की रशीदनं कुठली रीत का निवडली. त्यानं आधी शेजार ठरवला होता, आणि मग त्यात बसेल अशी रीत शोधत राहिला होता. मी खूप रडलो, आणि पडद्यामुळे ते भाभींना दिसलं नाही हे बरंच झालं.

मग त्यांनीच विचारलं, "काय बोलायचे हो ते तिथं? मला वाटायचं खेळाचंच बोलत असतील." मी आठवेल ते सांगू लागलो. एकदा समोरच्या टीमला कॉर्नर मिळाला होता, सगळे श्वास रोखून उभे होते, आणि रशीद माझ्या कानाशी म्हणाला होता, "नसीम स्कूटी शिकून राहिली. मला मागं बसवती. मधू, मी डोळे मिटून बसतो रे." पलीकडे भाभी हसल्या. रशीद गेल्यापासून त्या पहिल्यांदाच हसल्या, असं घरातल्यांनी शोभाला सांगितलं. "म्हणूनच मागून एवढं घट्ट धरायचे," त्या म्हणाल्या. "अजून सांगा ना." मी आठवून आठवून सांगत राहिलो. चहा गार झाला.

काल रविवारी आम्ही पुन्हा मैदानावर उतरलो. खेळावं की नाही यावर चर्चा झाली नाही, सगळे आपापले येऊन उभे राहिले. रशीदच्या जागी औंढ्याचे शिक्षक आले. चांगला माणूस, पण त्यांची नजर चेंडूवरून हलत नाही. मैदानावर इतकी शांतता मला माहीतच नव्हती. चेंडूला लाथ लागल्याचा आवाज येत होता, पलीकडच्या रस्त्यावरून एसटी गेली तीही ऐकू आली. मी ओरडून सगळ्यांना सरकवायला हवं होतं, पण मी शेजारच्या जागेकडेच बघत राहिलो. तेवढ्यात बघतो तर उत्तम आपली डावी बाजू मोकळी टाकून चालत माझ्याकडे येत होता. मी म्हणालो, "उत्तमराव, तिकडं कुणीच न्हाई!" त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, समोर बघत राहिला, आणि बऱ्याच वेळानं, फार जड काहीतरी उचलत असल्यासारखा म्हणाला,

"मधुकरराव... औंदा तुरीला शेंगा कशा धरल्या?"