पस्तीस दिवसांचा महिना

या गोष्टी मला नीट आठवतात की नाही, याची माझी मलाच खात्री नाही. कोणता किस्सा आधी घडला, कोणाचं वाक्य मी कोणाच्या तोंडी घालतोय, काही सांगता येत नाही. शिवाय कंपनीच्या बसमधले किस्से माळ्यावरच्या रद्दीसारखे असतात. मुद्दाम कोणी साठवत नाही, पण एक गठ्ठा ओढावा तर दहा अंगावर येतात! आकडे मात्र बरोबर आहेत. ते मी दोनदा तपासले आहेत.

मी महाळुंग्याच्या एका कास्टिंग कंपनीत लॅबचा प्रमुख होतो. धातुशास्त्रात डॉक्टरेट केली, पण घरातला पैसा महिनाअखेरीला कुठे जातो हे मला कधी सांगता आलं नाही. चिंचवडहून निघणाऱ्या बसमध्ये मागच्या सीटवर आम्ही चौघं बसायचो. परचेसच्या देशपांडे मॅडम, स्टोअरचे तापकीर, माझ्या लॅबमधला टेक्निशियन भोसले आणि मी.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी भोसले म्हणाला, "सर, खर्च लिहायची एखादी चांगली पद्धत सांगा की. बायको-पोरगी तिकडं बीडला. जूनमधी गौरी पहिलीत जाईल. त्याच्या आत दोघींना काळेवाडीत आणायचंय. खोलीचं डिपॉझिट तीस हजार. पगार आला हे कळतं, संपला हे बी कळतं. मधलंच काही कळत नाही!"

झालं. डिपॉझिट राहिलं बाजूला आणि पद्धतींवर परिसंवाद सुरू झाला.

* * *

देशपांडे मॅडमची पद्धत पाकिटांची. पगार झाला की रोकड काढायची आणि दूध, भाजी, औषधं, गॅस, सणवार अशा पाकिटांत भरायची. पाकीट संपलं की तो खर्च बंद!

"आणि दूध वीस तारखेलाच संपलं तर?" मी विचारलं. मला अशाच शंका येतात.

"तर औषधांतून घ्यायचे आणि तिथे चिठ्ठी ठेवायची. अगदी सोप्पं!"

पुढे दुधाने औषधांचे घेतले, औषधांनी गॅसचे घेतले, गॅसने सणवाराचे. एका महिन्यात सगळी पाकिटं फुगलेली, पण आत नोट एकही नाही. नुसत्या चिठ्ठ्या! मॅडमच्या मिस्टरांनी त्या एकेक करून वाचल्या आणि म्हणाले, "अगं, ही पतपेढी बुडाली. आता ठेवीदारांना काय सांगायचं?"

* * *

मी एक्सेलवाला. सदतीस रकाने केले होते. सदतीसच का, हे आता मलाही सांगता येणार नाही.

एका रविवारी मी आणि बायको देहूला गेलो. अर्धा डझन केळी घेतली. दोन देवापुढे ठेवली, एक गाईला दिलं, तीन घाटावर बसून खाल्ली. आता हा खर्च धार्मिक, दानधर्म की खाणंपिणं? रात्रभर मनाला लागून राहिलं. सोमवारी बसमध्ये विचारलं तर तापकीर म्हणाले, "साहेब, केळ्याला तरी कळतंय व्हय, आपून कुठल्या रकान्यात हाय त्ये?"

तरी मी चिकाटी सोडली नाही. रोज संध्याकाळी बायकोला विचारून सगळं भरायचो. "भाजी किती? त्यात कोथिंबीर किती?" आणि दुसऱ्या महिन्यात चमत्कार झाला. घरखर्च चक्क एक तृतीयांशाने खाली आला! मी आलेख काढून बसमध्ये दाखवला. भोसलेला म्हटलं, "हीच पद्धत धर." तो बिचारा रोज जेवणाच्या सुट्टीत लॅबच्या कॉम्प्युटरवर रकाने भरायला लागला.

महिनाभराने कळलं की खर्च कमी झालाच नव्हता. बायकोने मला सांगणं बंद केलं होतं!

भोसलेचा एक महिना माझ्यामुळे फुकट गेला. हे मी त्याला बोलून दाखवलं नाही. दाखवायला हवं होतं.

* * *

तापकीर इथल्याच जुन्या घरातले. त्यांना वही नको, पाकीट नको.

"आमचा हिशोब खिशात. डावा खिसा घरचा, उजवा माजा. डाव्यातलं उजव्यात जायचं न्हाई, उजव्यातलं डाव्यात जायचं न्हाई. वीस वर्सं चाललंय."

मी म्हटलं, "आणि मित्राने उसने मागितले तर?"

"त्ये मागच्या खिशातनं, साहेब."

"मागच्या खिशात किती ठेवता?"

"त्यो फाटका हाय!"

* * *

एक्सेल सोडून भोसलेने मोबाईलवर ॲप घेतलं. पैसे गेले की ॲप आपोआप नाव आणि रक्कम टिपून ठेवायचं. लिहायची कटकटच नाही! संक्रांतीला तो गावी गेला आणि मोठ्या कौतुकाने बायकोच्या हातात मोबाईल दिला.

ती बघत गेली. सुनीता, दहा रुपये. सुनीता, दहा रुपये. सुनीता, वीस रुपये.

"ही सुनीता कोण?"

भोसले सांगत होता की कंपनीच्या गेटवर चहाची टपरी आहे, आणि पैसे घ्यायचं ते खातं टपरीवाल्याच्या बायकोच्या नावावर आहे. घरात कोणाला पटेना. शेवटी त्याने टपरीवाल्याला व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीनवर या कानापासून त्या कानापर्यंत मिशा!

रुक्मिणीने, म्हणजे भोसलेच्या बायकोने, त्या मिशा नीट बघून घेतल्या. मग म्हणाली, "ते असू द्या. पर दिवसाला चार चहा कशाला लागतात?"

त्यानंतर भोसले दोनच चहा प्यायला लागला. आमच्या चौघांच्या सगळ्या पद्धतींतून झालेली बचत एवढीच.

* * *

मे संपत आला तेव्हा भोसलेकडे तेवीस हजार होते. घरमालकाने बजावलं होतं, "रविवारपर्यंत डिपॉझिट द्या, नाहीतर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे."

गुरुवारी बसमध्ये त्याने हे आम्हाला सांगितलं. मी चाचरत म्हटलं, "वरचे सात मी देतो. सावकाश परत कर."

"नको, सर. संसारच उसन्यावर मांडायचा म्हणजे..."

बसमधूनच त्याने रुक्मिणीला फोन लावला. "यंदा जमत नाही. सात हजार कमी पडायलेत. गौरीचं नाव तिथल्याच शाळेत घाल."

फोनवरचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला. "नाव कुठं घालायचं ते मी आल्यावर बघू. शनिवारची पहिली गाडी कितीची हाय?"

शनिवारी ती गौरीला घेऊन वल्लभनगरच्या एसटी स्टँडवर उतरली. हातातल्या कापडी पिशवीतून तिने साडेसात हजार रुपये काढून नवऱ्यापुढे धरले. डिपॉझिट भरलं गेलं. वरच्या पाचशेत गौरीचं दप्तर आणि वह्या आल्या.

पुढच्या रविवारी आम्ही नव्या खोलीत चहाला गेलो. मला राहवेना. "रुक्मिणीताई, तुम्ही कोणती पद्धत वापरता? वही की पाकिटं?"

"पद्धत कसली, सर? हे म्हैन्याला आठ हजार पाठवायचे. म्या दिवाळीपासनं म्हैना पस्तीस दिवसांचा धरते. आठ हजाराचे पस्तीस वाटे. रोज एकच वाटा मोडायचा. नवे पैसे येतात तवा जुने चार-पाच वाटे तसेच असतात."

"आणि एखाद्या दिवशी पाहुणे आले, जास्त खर्च झाला, तर?"

"तर तो म्हैना छत्तीसचा!"

देशपांडे मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी कपात बघत राहिलो.

निवृत्त झाल्यावर एका दुपारी मी हे गणित मांडून पाहिलं. नोव्हेंबर ते मे, सात महिने, वाटे दोनशे पंचेचाळीस. फेब्रुवारी अठ्ठावीसचा धरून दिवस दोनशे बारा. उरले तेहतीस वाटे, म्हणजे सात हजार पाचशे त्रेचाळीस रुपये. बाईंनी आणले होते साडेसात हजार. वरचे त्रेचाळीस कुठे गेले? विचारायला लाज वाटत होती. न विचारता राहवतही नव्हतं.

यंदा गौरी सातवीत गेली. मी काळेवाडीला गेलो आणि विचारलंच.

भोसलेने कपाळाला हात लावला. "सर, सहा वर्षं झाली की हो!"

रुक्मिणी क्षणभरही थांबली नाही. "तिकीट भावानं काढलं. गाडीत बसायच्या आधी गौरीला चाळीसच्या बांगड्या घेतल्या. दोन रुपयांच्या गोळ्या."

"आणि एक?"

"तो पिशवीतच हाय."

तिने स्टुलावर चढून कपाटावरची कापडी पिशवी खाली काढली आणि माझ्या हातात दिली. मी आतला कप्पा चाचपला. रुपया होता.