तेलाची आई

"आई कोण याची?"

तेलाचा डबा कुणाचाही असो, कुठल्याही कंपनीचा असो, बाई तो हातात घेऊन आधी हेच विचारायच्या. पहिल्यांदा ऐकणारा माणूस गडबडायचा. गाडीत घालायचं इंजिन ऑइल आणायला आलोय की मुलगी बघायला, असं त्याला होऊन जायचं. मग बाई डब्यावर टिचकी मारून सांगायच्या, "यावर बापाचं नाव आहे, मोठ्या अक्षरात. आईचं कुठाय? तेल आईवर जातं!"

आई म्हणजे बेस ऑइल. डब्यात जे असतं त्यातला मोठा भाग या मूळ तेलाचा, बाकीची मिसळलेली औषधं. हे मला तरी कुठं ठाऊक होतं? माझं गॅरेज चौलच्या नाक्यावर, आणि मी आपला "सिंथेटिक आहे, घ्या डोळे मिटून" असं सांगून डबे खपवत होतो. बाई तळोज्याकडच्या एका तेलाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत होत्या. निवृत्त झाल्यावर माहेरच्या वाडीत राहायला आल्या आणि माझ्या शेजारचाच गाळा भाड्यानं घेऊन ऑइलचं दुकान टाकलं. पहिल्याच दिवशी माझ्या गिऱ्हाइकासमोर मला म्हणाल्या, "सिंथेटिक हे आडनाव झालं. नाव सांगा." माझं तोंड बघण्यासारखं झालं असणार.

बाई नम्र वगैरे अजिबात नव्हत्या, हे आधीच सांगतो. आपल्याला काय येतं हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि ते नाक्यावरच्या प्रत्येकाला माहीत व्हावं असा त्यांचा आग्रह होता. कागदपत्रात माणसाच्या नावापुढे आधी आईचं नाव लावायचं, असं सरकारनं ठरवलं तेव्हा तर त्यांनी पेढेच वाटले. म्हणाल्या, माणसांच्या डब्यावर आलं, आता तेलाच्या डब्यावर यायला पाहिजे.

त्यांचा बर्फाचा खेळ तुम्ही बघायला हवा होता. मासळीवाल्यांकडून बर्फ आणायचा, त्यात जाडं मीठ घालायचं म्हणजे तो भलताच गार होतो, आणि त्यात चार बाटल्या खोचून ठेवायच्या. कारखान्यातल्या जुन्या मैत्रिणींनी दिलेली, काही न मिसळलेली मूळ तेलं. थोड्या वेळानं बाई एकेक बाटली उलटी करायच्या. साधं खनिज तेल जागचं हलायचं नाही. मूळ तेलांचे कारखान्यात गट पाडलेले असतात, दुसरी बाटली त्यातल्या तिसऱ्या गटाची. हेही निघतं जमिनीतूनच, पण हायड्रोजनच्या दाबाखाली असं घासूनपुसून काढतात की तेही सिंथेटिक म्हणून विकलं जातं. ते आळसावल्यासारखं खाली यायचं. "सडून, निवडून, धुतलेला तांदूळ," बाई म्हणायच्या, "पण तांदूळच." तिसरी बाटली पीएओची. हे गॅसपासून रेणू जुळवून माणसानं बांधलेलं, साबुदाण्यासारखा प्रत्येक दाणा एका मापाचा. बाटली उलटी केली की ते पाण्यासारखं सुळकन खाली. गिऱ्हाइकं टाळ्या वाजवायची. मी रोज बघणारा, तरी मीसुद्धा वाजवायचो!

चौथी बाटली एस्टरची, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जुळवून केलेल्या तेलाची. तीही गारठत नसे. एस्टर धातूला चिकटून राहतं, इंजिन नुसतं उभं असलं तरी. पण त्याला पाण्याची ओढ, आणि आपली हवा ही अशी खारी, दमट. पीएओ रबरी सील आकसवतं, एस्टर ते फुगवतं. म्हणून चांगल्या तेलात दोघी जावांना प्रमाणात एकत्र नांदवतात. मग सगळ्यांत चांगलं कुठलं, असं कुणी विचारलं की बाई चिडायच्या. गाडी कुठली, चालते किती, चढ किती, ते आधी सांगा म्हणायच्या. निम्म्या लोकांना तिसऱ्या गटाचंच देऊन पाठवायच्या.

आता सुध्याचं सांगतो. सुध्या माझा चुलतभाऊ. नारळाची वाडी आणि एक टूरिस्ट गाडी, एवढाच त्याचा संसार. मांडव्याच्या जेट्टीवर बोटीनं आलेली माणसं घ्यायची आणि मुरुडचा किल्ला दाखवून आणायची. गाडी बसली तर घर बसलं. एकदा तो दुकानात आला तेव्हा बाई एस्टरवर रंगात आल्या होत्या. बोलता बोलता म्हणाल्या, "अरे, एवढं काय अप्रूप? तुझ्या वाडीतलं खोबरेल, तेसुद्धा एस्टरच!" सगळे हसले. सुध्या हसला नाही. तो विचारात पडला, आणि आमच्या कुणाच्या ते लक्षात आलं नाही.

थंडीचे दिवस होते. सकाळी सुध्याचा फोन आला, की गाडी चालू केली आणि तेलाचा लाल दिवा विझेचना. दिवा विझला नाही तर किल्ली मागं फिरवायची, हे बाईंनी सगळ्या नाक्याच्या डोक्यात घातलं होतं, म्हणून त्यानं लगेच बंद केली होती. बाई माझ्यामागं मोटरसायकलवर बसूनच वाडीत आल्या. ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढली तर तिच्यावर पांढरे कण. बाईंनी बोट लावलं, वास घेतला, आणि त्यांचा चेहराच उतरला.

"खोबरेल घातलंस?"

"घरचं हाय, लाकडी घाण्याचं," सुध्या म्हणाला. "ऑइल कमी झाल्यालं, म्हनून भर घातली. तुमीच म्हनलात ना, खोबरेल पन एस्टर हाय."

अहो, आपल्याकडे थंडीत आंघोळीच्या आधी खोबरेलाची बाटली उन्हात ठेवतो की नाही? तेच इंजिनात थिजलं होतं आणि तेलाची वाट अडवून बसलं होतं. नारळाच्या गावात ही चूक झाली नसती तर कुठं झाली असती! पण त्या घडीला कुणी हसलं नाही. सुध्याची आई ओट्यावर रडत होती. जमलेल्यांपैकी कुणीतरी पुटपुटलं, बाईंचं ऐकलं म्हणून झालं.

बाईंनी ते ऐकलं. म्हणाल्या, "खरंय. मी अर्धं सांगितलं. इंजिन गेलं असेल तर उद्यापासून दुकान बंद."

मग मात्र त्यांच्यात वारं शिरलं. कुणी चावीला हात लावायचा नाही, गाडी उन्हात काढा! वाडीत तर माडांची दाट सावली. शेजारीपाजारी, माडावर चढलेला पाडेली, नारळाच्या गाडीचा ड्रायव्हर, सगळ्यांनी हात लावले आणि ती धूड गाडी ढकलत मोकळ्या खळ्यावर आणली. ऊन वर येईपर्यंत बाई काही टेकल्या नाहीत. पट्टी काढायची, बघायची, पुसून परत घालायची. जो तो सल्ले देत होता. एकानं खाली शेकोटी करायचं सुचवलं, त्याला बाईंनी असं झापलं की तो घरीच गेला. अखेर पट्टीवरचे कण विरघळले. मी खाली शिरून सगळं तेल सोडलं, चेंबर उघडलं. तळाच्या जाळीला ओल्या खोबऱ्यासारखा पांढरा लगदा चिकटला होता. तो काढला, साध्या तेलानं आतून धुऊन घेतलं, आणि बाईंनी स्वतःच्या हातानं तिसऱ्या गटाचं ताजं तेल ओतलं.

सुध्यानं चावी फिरवली. बाई बोनेटवर हात ठेवून, डोळे मिटून उभ्या. इंजिन घरघरलं. दिवा लाल. दिवा लालच.

"इझला!" सुध्या ओरडला.

काय गलका झाला खळ्यावर! सुध्याच्या आईनं बाईंना मिठी मारली, पाडेली शहाळी पाडायला धावला. बाई मात्र खळ्याच्या कडेला बसल्या आणि पदरानं डोळे पुसत मला म्हणाल्या, "इंजिनाची नाही रे, मला माझ्या जिभेची भीती वाटली."

त्यानंतर बर्फात पाचवी बाटली आली, खोबरेलाची. ती सगळ्यांत आधी दगड व्हायची. बाई ती मिरवत सांगायच्या, की हेही एस्टरच, आणि हे बोलणारी मूर्ख बाई मीच.

पुढं गुडघे बोलायला लागले तेव्हा लेक त्यांना नागपूरला घेऊन गेली. गेल्या पावसाळ्यात तिकडेच बाई गेल्या. फोन आला तेव्हा मी गाडीखाली होतो, तिथून बाहेर यावंसं वाटेना. गाळ्यात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. मला त्या बाजूला बघवत नाही, खरं सांगतो.

सुध्याच्या गाडीच्या मागच्या काचेवर रेडियमच्या अक्षरांत 'आईचा आशीर्वाद' असायचं, सगळ्यांच्या गाड्यांवर असतं तसं. ते खरवडून त्यानं आता दोनच शब्द लावलेत : 'आई कोण?' मांडव्याला उतरलेली माणसं ते वाचून हसतात. गाडीत बसल्यावर एखादा विचारतोच, की अहो, हे काय लिहिलंय, आई कोण?

सुध्या चावी फिरवतो. लाल दिवा विझेपर्यंत तोंडातून शब्द काढत नाही. मग गियर टाकतो आणि सांगतो, "आमच्या बाई."