आजीचा उंबरा

विंझरला एसटीच्या थांब्यासमोर एका धरणग्रस्त पोराचं मोबाईलचं दुकान होतं. चोरून डाउनलोड केलेले सिनेमे तो गिऱ्हाइकांच्या मेमरी कार्डात भरून द्यायचा आणि पोलिसांची जीप दिसली की शटर अर्धं ओढायचा. आपलं गाव धरणात बुडण्याआधी तिथलं घर न् घर त्यानं शूट करून त्याच कॉम्प्युटरात ठेवलं होतं. एका सिनेमाबरोबर व्हायरस आला आणि सगळं पुसलं गेलं.

"पोलिसांना लई भ्यालो," एकदा दुकानात गप्पा मारताना तो मला म्हणाला, "पर गाव नेलं ते फुकटच्या पिक्चरनं."

तेवढ्यात त्याच्या गावची एक आजी आली. "माझा उंबरा दाव की रं."

त्यानं मान खाली घातली. "मशीन बिघडलंय, आज्जी."

"बरं," ती म्हणाली. जाताना तिनं कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्याला हात लावून नमस्कार केला.