पिल्लं देणाऱ्या कुंदाताई

टिटवाळ्याला कुंदाताईंच्या ओट्यावर मी पहिल्यांदा गेले, तेव्हा त्यांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. आतून बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आणला आणि सात आठवड्यांच्या सहा पिल्लांमागे फरशीवर आपटला. सगळी उधळली. मीही दचकले.

"दचकू दे," त्या म्हणाल्या. "दचकून परत कोण येतं ते बघा."

पाच आली. एकाने तर डब्यातच तोंड घातलं. सहावं मात्र खाटेखाली भिंतीला चिकटून थरथरत राहिलं. मला नेमकं तेच हवंसं वाटलं.

कुंदाताई निवृत्त परिचारिका होत्या. घरी लॅब्रॅडॉर पाळायच्या. पिल्लं जितक्या बारकाईने तपासायच्या, तितक्याच बारकाईने ती न्यायला आलेली माणसं. एका गृहस्थांना त्यांनी, "तुमची मुलगी तुम्हाला घाबरते, कुत्रंही घाबरेल," असं मुलीदेखत सांगून परत पाठवलं होतं. आजारी पिल्लाला छातीशी धरून मात्र याच बाई तासन्‌तास हलायच्या नाहीत.

"खाटेखालचं ते मी कुणाला देणार नाही. घाबरट आहे."

"मला शांतच हवंय. घरात मी एकटीच असते." माझे यजमान जाऊन तेव्हा चार महिने झाले होते.

"शांत वेगळं आणि घाबरट वेगळं, बाई. तुम्हाला दया आलीय. दया तुमची आणि चावा शेजाऱ्यांना, असं व्हायचं."

मी रडले. त्यांना रडणं आवडत नसे, पण त्या दिवशी त्या विरघळल्या. एका अटीवर. चार महिन्यांचं होईपर्यंत पिल्लाने रोज नवी माणसं बघायची. छत्रीवाला, हेल्मेटवाला, दाढीवाला आणि सर्वांत आधी लहान मुलं. लसी पूर्ण होईपर्यंत जमिनीवर ठेवू नका, असं डॉक्टर म्हणतात, हे मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग कडेवर घ्या आणि भाजी मार्केटात उभ्या राहा. हे दिवस गेले की परत मिळत नाहीत."

मी त्याचं नाव भुऱ्या ठेवलं. डोंबिवलीत आमच्या जिन्यापर्यंत नेलं तरी तो माझ्या मानेत तोंड खुपसायचा. मला ते फार गोड वाटायचं. माझ्या मानेत तोंड खुपसणारं दुसरं कोण उरलं होतं? मी परत फिरायचे आणि दार लावून घ्यायचे. दर रविवारी कुंदाताईंचा फोन यायचा.

"या आठवड्यात कुठे नेलेलंत?"

"मार्केटला. मुलं खेळली त्याच्याशी."

"शाब्बास," त्या म्हणायच्या. इतर कुणाला त्या शाब्बास म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

भुऱ्या वर्षाचा झाला. समोरच्या घरातली पाच वर्षांची सई वाढदिवसाच्या केकची बशी घेऊन आली. दार नुसतं लोटलेलं होतं. भुऱ्या टेबलाखाली गेला. ती त्याला केक दाखवायला वाकली. गालाला सात टाके पडले.

दुसऱ्या दिवशी कुंदाताई आल्या. आधी समोरच्या घरी गेल्या. सईच्या आईपुढे हात जोडून म्हणाल्या, "पिल्लू माझ्या घरचं आहे." मग माझ्याकडे आल्या, पण बसल्या नाहीत.

"मार्केटला किती वेळा नेलेलंत?"

"एकदाही नाही."

"पिल्लू ओळखायला मी चुकले नव्हते," त्या म्हणाल्या. "माणूस ओळखायला चुकले."

भुऱ्याला त्या घेऊन गेल्या. मला पुन्हा कधीच भेटू दिलं नाही. मी फोनवर गयावया केली. त्या म्हणाल्या, "आता कुठे तो जेवायला लागलाय. तुमच्या समाधानासाठी त्याला का हलवू?" वर्षभराने तो तापाने गेला. तेही त्यांनी पंधरा दिवसांनी, एका वाक्यात सांगितलं.

मात्र मला त्यांनी सोडलं नाही. कुणी घाबरट पिल्लासाठी हट्ट धरला, की त्याला त्या माझा पत्ता द्यायच्या. "जाऊन त्या बाईंना विचारा." अनोळखी माणसं माझ्या सोफ्यावर बसायची आणि मला सगळं सांगावं लागायचं. फोनवरच्या खोट्यासकट. एकदा मी म्हटलं, "ताई, किती दिवस ही शिक्षा?"

"शिक्षा कसली? तुमचं ऐकून तिघांनी पिल्लं रोज बाहेर काढली. माझं कोण ऐकतं?"

गेल्या वर्षी कुंदाताई अर्धांगवायूने गेल्या. मी टिटवाळ्याला जाऊन आले. आता कुणी येणार नाही, असं वाटलं आणि हलकंही वाटलं, खोटं का बोलू? महिन्याभराने बेल वाजली. दारात एक तरुण जोडपं होतं आणि त्यांच्याबरोबर सई. त्या दोघांनी आधी चुकून समोरच्या घरची बेल दाबली होती. सईची आई माझ्याशी आजही बोलत नाही. सईच त्यांना घेऊन आली होती.

"कुंदाताईंनी जायच्या आधी तुमचा पत्ता दिलेला," तो मुलगा म्हणाला. त्याच्या बायकोची नजर सईच्या गालावर होती. तिने हळूच विचारलं, "खूप डेंजर होता का गं कुत्रा?"

सईने खांदे उडवले. "माहीत नाही. मी समोरच राहते ना, पण त्याने मला त्या दिवशी पहिल्यांदाच बघितलेलं."

ती आपल्या घरात निघून गेली. मी त्या दोघांना आत घेतलं आणि पहिल्यापासून सांगायला बसले.