टी-शर्टावरचं चोरीचं चित्र

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण हिंगोलीतलं टी-शर्टाचं प्रकरण काही केल्या डोक्यातून जात नाही. त्यात कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. तरी आठवलं की वाईट वाटतं.

सकाळची हजेरी आटोपून मी पोलीस ठाण्यात बसलो होतो. कनेरगाव नाक्याचा एक तरुण आला. वडिलांचा तिथे रस्त्याकडेला ढाबा. पोरगा चित्रकला शिकलेला, आणि मोबाइल गेम बनवणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीत नोकरी मिळावी म्हणून तिथेच राहून धडपडणारा. पहिली फेरी तो पास झाला होता. दुसऱ्या फेरीसाठी कंपनीने सांगितलं होतं, आमच्या गेममधला योद्धा तुमच्या पद्धतीने काढून पाठवा, मात्र निकाल लागेपर्यंत चित्र बाहेर कुठेही दिसता कामा नये. याने त्या योद्ध्याच्या खांद्यावर घोंगडी टाकली, त्याला सिद्धेश्वर धरणाच्या भिंतीवर उभं केलं आणि चित्र पाठवून दिलं. निकाल यायच्या आत तेच चित्र हिंगोलीच्या बाजारात टी-शर्टांवर विकायला आलं. कुणीतरी त्या टी-शर्टाचे फोटो इंटरनेटवर टाकले आणि ते कंपनीने पाहिले. चित्र बाहेर कसं गेलं याचा खुलासा करा, नाहीतर तुमचा विचार होणार नाही, असा मेल आला.

"साहेब, त्यायला वाटून राहिलं की मीच विकलं," तो म्हणाला. "मला फक्त खरं काय ते लिहून पाह्यजे."

मी विचारलं, "योद्धा कुणाचा?"

"कंपनीचा."

"मग तुझं काय चोरीला गेलं?"

तो जरा गडबडला. मग म्हणाला, "घोंगडी माझी हाय साहेब. त्याचं उभं राहणं माझं हाय."

त्याचं म्हणणं अगदीच वावगं नव्हतं. मूळ पात्राचा हक्क कंपनीचा, पण त्यावर ज्याने स्वतःच्या हाताने नवं काही रचलं, त्याचंही त्यात काही असतं. अशा गेमचे चाहते हौसेने चित्रं काढतात, कंपन्या काणाडोळा करतात. विक्री सुरू झाली की कॉपीराइट कायदा जागा होतो. मी त्याला विचारलं, चित्र कुणाकुणाला पाठवलं होतंस?

"कंपनीला. आन् घरी आईच्या फोनवर, नुसतं पाहायला. पण घरच्यायला यातलं काही कळत न्हाई."

मी तक्रार नोंदवून घेतली आणि दोन पंच घेऊन बाजारात गेलो. दुकानात टी-शर्टांचा ढीग होता. प्रत्येकाच्या गळ्याजवळ 'ओरिजिनल' असं छापलेलं. जप्तीचा पंचनामा चालू असताना तोच टी-शर्ट अंगात घातलेलं एक गिऱ्हाईक भांडायला आलं. "मंग आमचं ओरिजिनल न्हाई का? आमी कोणाकडं जावं?" मी त्याला ग्राहक आयोगाची वाट दाखवली. छातीवरच्या योद्ध्यासकट तो तणतणत निघून गेला.

दुकानदाराला ठाण्यात आणलं. चित्र कुठून आलं, या प्रश्नावर त्याचं एकच उत्तर. "फोनवर आलतं साहेब. कोणी धाडलं ते ध्यानात न्हाई." माझा अनुभव असा, की स्वतःला वाचवणारा माणूस खोटंही तपशीलवार सांगतो. जो नुसतं विसरलो म्हणतो, तो बहुधा दुसऱ्या कुणाला सांभाळत असतो. मी त्याच्यावर आवाज चढवला नाही. चहा दिला आणि बसवून ठेवलं.

ओळख पटवण्यासाठी त्या तरुणाला जप्त टी-शर्ट दाखवले. तो बराच वेळ पाहत राहिला. "गुडघ्यापर्यंत माझं हाय," तो म्हणाला. "हे बूट माझे न्हाईत. मी अनवाणी काढला होता."

मी पुन्हा पाहिलं. खरंच, गुडघ्याखालचं काम दुसऱ्याच कुणाच्या हातचं होतं. मूळ चित्र ज्याच्याकडे आहे, तो पाय नव्याने कशाला काढेल? म्हणजे या दुकानदाराला चित्र मिळालं तेच खालून झाकलेलं. आमच्याकडे चित्राचा खालचा भाग कुठे झाकतात, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. फ्लेक्सवर. खाली शुभेच्छुकांचे फोटो ओळीने लावावे लागतात. फाटलेल्या फ्लेक्सवरून झालेली भांडणं मिटवण्यात माझी निम्मी नोकरी गेली आहे.

"फ्लेक्स कुणी छापला?" मी दुकानदाराला विचारलं. त्याचा चेहरा उतरला. फ्लेक्स छापणारा त्याचा मामेभाऊ निघाला. त्याला बोलावलं, तर बिचाऱ्याने काही आढेवेढे घेतले नाहीत. तयार फ्लेक्स त्यानेच दुकानदाराला फोनवर पाठवला होता, तो त्याने आपल्या लॅपटॉपवर उघडून दाखवला. वर मोठ्या अक्षरांत 'गेम कंपनीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन', एका बाजूला या तरुणाचा फोटो, मधोमध योद्धा आणि खाली शुभेच्छुकांची रांग. रांगेत पहिला फोटो त्याच्या वडिलांचा.

तरुण ते पाहून खुर्चीवर बसला फक्त.

वडील आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर ढाब्यातला टॉवेल तसाच होता. समोर मुलगा पाहिला आणि मी विचारायच्या आधीच ते बोलू लागले. "हिच्या फोनवर चित्र आलं, पास झालो म्हणून आलं. मला वाटलं, लागली नोकरी. नाक्यावर फ्लेक्स लावला. समद्यायनं पाह्यला साहेब, ट्रकवाले थांबून पाहत होते. मंग याचा फोन आला, अजून नक्की न्हाई, कोणाला सांगू नका म्हणे. मी लगेच उतरवला. याला काहून तकलीफ म्हणून बोललो न्हाई."

मुलाने मला विचारलं, "साहेब, बाबांचं नाव न टाकता जबाब होत न्हाई का?"

मी म्हणालो, "मग कंपनी कशावर विश्वास ठेवेल?"

"टाका साहेब," वडील म्हणाले. "बराबर लिहा. माझ्या हातानं झालं असं लिहा. मंग तर घेतील ना त्याला?"

मी कागद पुढे ओढला. जबाब लिहून झाला, वाचून दाखवला. त्यांनी टॉवेलला हात पुसून सही केली.

कंपनीचं उत्तर सभ्य भाषेत आलं. चित्र तुमचंच आहे याबद्दल आता शंका नाही, पण अट मोडली गेली आणि ती कुणी मोडली याचा विचार आम्ही करू शकत नाही. जागा दुसऱ्याला मिळाली. टी-शर्टवाल्याचं प्रकरण रीतसर कोर्टात गेलं. तपास म्हणून पाहिलं तर तो यशस्वी होता, वरिष्ठांनी शाबासकीही दिली. मला मात्र ती घशाखाली उतरली नाही.

गुन्ह्यामागे लोभ असतो, राग असतो, हे आम्हाला प्रशिक्षणात शिकवलं होतं. नुसत्या आनंदानेही माणसाच्या हातून नुकसान होतं, हे मला त्या ढाबेवाल्याने शिकवलं. अशा माणसाचं काय करायचं, हे कुठल्याच कायद्यात सापडत नाही. पोराचं कौतुक झालं नाही म्हणून बिघडलेली घरं मी खूप पाहिली होती. कौतुकानेच घाव घातलेलं घर तेवढं एकच पाहिलं, आणि त्या घावाची नोंद माझ्याच ठाण्यात झाली याचं आजही वाईट वाटतं.

निवृत्तीनंतर वाशिमला जाताना मी मुद्दाम त्या ढाब्यावर थांबलो. त्यांनी मला ओळखलं, जेवण स्वतः वाढलं. धीर करून मी मुलाची चौकशी केली. "पुण्यातच हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "गेमचीच चित्रं काढून राहिला. बरं चाललंय म्हणतो." मला मनापासून बरं वाटलं. कुठल्या कंपनीत आहे, असं मी विचारलं.

"ते मी इचारत न्हाई साहेब," ते ताटात भाकरी वाढत म्हणाले. "इचारलं तर तो सांगंल. आन् कळलं की माझ्या तोंडात राहणार न्हाई."