छत्तीस पायऱ्यांवरचं धुणं

अन्याय माझ्या आईवर झाला. होळीनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, लखनौतल्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, डायनिंग टेबलावर. करणारे तिघे होते: बाबा, माझा धाकटा भाऊ आणि मी. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण आईने ती स्वतःच्या हाताने कागदावर लिहिली आहे.

बाबा रेल्वेत इंजिनियर होते. निवृत्त झाले तरी चार सह्या घेतल्याशिवाय ते भिंतीत खिळा ठोकत नाहीत. सरोजिनी नगरच्या पुढे आमचा एक लहानसा प्लॉट होता. त्यावर बांधायच्या घराचा नकाशा त्यांनी त्या दिवशी टेबलावर अंथरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि खाली उजवीकडे आखलेल्या चौकटी दाखवल्या. प्रत्येकाची एक. मान्य असेल तर सही, तारीख, वेळ.

मी पहिली सही केली. मला हवी ती खोली नकाशात होती: तळमजल्यावर, मागच्या बाजूला, स्वयंपाकघराला लागून, पूर्वेकडे मोठी खिडकी. माझी अभ्यासिका. वस्त्यांमधल्या नळांसाठी, बाजारातल्या बायकांच्या स्वच्छतागृहांसाठी भांडणाऱ्या एका गटात मी काम करते. पत्रकं लिहिते, छापून आणते, चौकात उभी राहून वाटते. लिहायला आणि गठ्ठे ठेवायला जागा हवी ही मागणी मी दोन महिने लावून धरली होती. मंजूर झाली. मी खूश.

भावाने फोनवरची नजर न काढता सही केली. मग आईने चष्मा लावला, नकाशावरून बोट फिरवत एकेक खोली पार केली आणि विचारलं, "आणि कपडे कुठे धुवायचे?"

बाबांच्या नकाशात इन्व्हर्टरला कोनाडा होता. चपलांना रॅक होता. झाडूला, हो, झाडूला कपाट होतं. धुण्याला काहीच नव्हतं. बाबांनी बोट जिन्यावर ठेवलं.

"वर," ते म्हणाले. "गच्चीवर. मशीन जिन्याच्या खोलीत. टाकी तिथेच, ऊन तिथेच. अजून काय पाहिजे?"

"परफेक्ट है, आई," भाऊ म्हणाला. "ऊपर धूप ही धूप है, यार."

आईने नकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. दहा चाळीस.

आता बाबांना एकट्याला झोडपणं सोपं आहे आणि मी ते पुढे केलंही. पण हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणाला पडलाच नव्हता. बाबा निवृत्त होईपर्यंत आम्ही रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहिलो. गावं बदलली, क्वार्टर तेच: मागे अंगण, कोपऱ्यात नळ, नळाखाली दगड, दोन खांबांमध्ये ताणलेल्या तारा. आमच्या धुण्याची जागा सरकारने ठरवून दिली होती. मलिहाबादहून आंब्याची पेटी आली की दशहरीच्या रसाचे डाग पडलेले शर्ट आई आधी वेगळे काढायची. चिकनच्या नाजूक भरतकामाचे कुर्ते हाताने धुवायची आणि उलटे करून सावलीत घालायची. आम्हाला दिसायचे ते थेट कपाटातले घडी घातलेले कपडे. मधलं सगळं आपोआप होत असावं अशी आमची समजूत. पुलाचा एकेक नट मोजणारा माणूस अख्खं अंगण विसरला, तो असा.

पाऊस संपता संपता नव्या घराचा जिना ओतून झाला. नवरात्रात आम्ही बघायला गेलो, तेव्हा मी पहिल्यांदा गच्चीपर्यंत चढले. छत्तीस पायऱ्या. माझ्या हातात फक्त फोन होता, तरी वर पोचल्यावर मला दम लागला. खाली वाकून बघते तर आई विटांच्या ढिगाजवळ उभी, डावा गुडघा चोळत.

"तू बघून ये," ती ओरडली. "कसं आहे ते मला सांग."

जिथे तिने उरलेलं आयुष्य रोज राबायचं, ती जागा तिने पाहिलीही नव्हती! माझं डोकं फिरलं. घरी येऊन मी तासाभरात पत्रक लिहिलं आणि फ्रिजवर लावलं. मथळा: गच्ची कुणाची, गुडघे कुणाचे? मागणी एकच: धुणं खाली आणा.

संध्याकाळी त्यावर लाल शाईत शेरा होता. 'आक्षेप मुदतीनंतर प्राप्त. नोंद घेतली.'

"बाबा, नोंद घेतली म्हणजे काय?"

"म्हणजे वाचलं."

"आणि?"

"आणि अक्षर सुधारलंय तुझं." मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "अगं, मशीन वरच आहे ना? कोरडे कपडे वर जातील, कोरडे खाली येतील. ओझं कसलं त्यात?"

"चादरी आधी भिजतात," आई कणीक मळता मळता म्हणाली. "कुठे भिजतात, माहितीये?"

"कुठे?"

"बाथरूममध्ये. तुमची आंघोळ झाली की मी बादली आत सरकवते. इतकी वर्षं झाली."

बाबांना हे माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. तेवढ्यात मला सुचलं. "बाबा, तुम्ही पूल बांधलात की त्यावरून भरलेली गाडी चालवून बघायचात ना?"

"लोड ट्रायल."

"मग जिन्याची करा."

त्यांचे डोळे चमकले. मोहिमेत हे शिकायला मिळतं: समोरच्याला त्याच्याच भाषेत गाठायचं. "भार किती धरायचा?" त्यांनी वहीच काढली.

"दोन चादरी, चार अभ्रे, तुमचे पायजमे," आई म्हणाली. "भिजलेले."

पुढच्या रविवारी आम्ही भरलेली बादली प्लॉटवर नेली. प्रवासाच्या बॅगा तोलायच्या काट्याला लावली: साडेबारा किलो. बाबांनी आकडा टिपला, बाह्या दुमडल्या आणि निघाले. नवव्या पायरीला त्यांनी हात बदलला. पहिल्या मजल्यावर थांबून भिंतीकडे बघत राहिले.

"काय झालं?" आईने खालून विचारलं.

"काही नाही. प्लास्टर बघतोय."

"बाबूजी," विटा रचणारा मिस्त्री शांतपणे म्हणाला, "प्लास्टर तो अभी हुआ ही नहीं."

आई इतकी हसली की तिला ढिगावर बसावं लागलं. बाबा पुढे चढले. आम्ही दोघं मागे गेलो. मी मदत करायला आणि भाऊ व्हिडिओ काढायला. बाबांनी दोरीवर चादरी घातल्या, पायजमे घातले. अभ्रे कठड्यावर ठेवले होते आणि शेजारच्या टाकीवर एक माकड बसलं होतं, हे आमच्यापैकी एकालाच दिसलं.

"बाबा, वो अभ्रा ले गया!" भाऊ ओरडला. फोन हलवला नाही पठ्ठ्याने.

माकडाने अभ्रा डोक्यावर घेतला आणि टाकीवर जाऊन बसलं. खालून आईचा आवाज आला, "समजा, आता आंधी आली! चला, सगळं उतरवा आणि खाली आणा!"

बाबांनी उतरवलं. खाली आणलं. विटांवर बसून बाटलीभर पाणी प्यायले. वही काढून घड्याळात बघितलं आणि लिहिलं: ट्रायल नापास. मी टाळ्या वाजवल्या. फार लवकर वाजवल्या.

कारण मग बाबांनी मांडीवर नकाशा उघडला आणि खाली जागा शोधायला लागले. मागची पट्टी? तिथे दिवसभर सावली. जिन्याखाली? दमट. समोर? "रस्त्याला माझं धुणं दाखवायचं नाही," आई म्हणाली. बोट फिरत फिरत गेलं आणि थांबलं. स्वयंपाकघराला लागून, सांडपाण्याचा पाइप भिंतीपलीकडे, सकाळचं ऊन थेट आत. माझी अभ्यासिका.

"ताई," भाऊ म्हणाला, "अब बोल."

मी आईकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढ्या हौसेने मागितली होतीस. आणि मागणी करायला तुला येतं. मला कुठे येतं?"

चौकात उभी राहून लोकांना हक्क समजावणारी मी, घरातल्या बाईची जागा मागून घेऊन सगळ्यात आधी सही करून बसले होते. आणि पत्रक लिहिलं होतं बाबांविरुद्ध.

मी बाबांच्या खिशातली पेन्सिल काढली आणि आईच्या हातात दिली. खांब आणि छत झालं होतं, पण त्या खोलीच्या भिंती अजून कमरेएवढ्याच होत्या. आई आत जाऊन उभी राहिली, हाताने अंदाज घेतला आणि काढत गेली. मशीन स्वयंपाकघराच्या भिंतीला. धुण्याचा दगड जमिनीवर नको, कमरेइतका उंच, वाकणं बंद. भिजवायला वेगळं टाकं. वर दोरीने खालीवर होणाऱ्या दांड्या. चिकनच्या कुर्त्यांसाठी सावलीचा कोपरा. पंखा, कारण जानेवारीच्या धुक्यात कपडे तीन दिवस ओलेच राहतात.

"उतार कुठे देणार?" बाबांनी परीक्षकासारखं विचारलं.

"दारापासून लांब, जाळीकडे. आणि जाळी उचलता आली पाहिजे, केस अडकतात."

"माताजी," मिस्त्री म्हणाला, "आपसे पहले पूछ लेते तो दो चक्कर बचते."

बाबांनी नव्या चौकटी आखल्या. पहिली आईची.

आता आम्ही त्या घरात राहतो. माझं टेबल पहिल्या मजल्यावर जिन्याच्या वळणावर आहे आणि पत्रकांचे गठ्ठे आईच्या खोलीत, साबणाच्या वरच्या फळीवर; वाटताना लोक विचारतात, याला निळीचा वास का येतोय? बादली बाबा उचलतात. थंडीत सगळ्यात उबदार जागा तीच, त्यामुळे आई तिथे स्टूल टाकून मटार सोलत बसते आणि आम्ही एकेक करून तिथेच गोळा होतो. गच्चीवर ती आजवर एकदाच गेली आहे, दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, लखनौत तेव्हा उडतात ते पतंग बघायला. सावकाश, प्रत्येक वळणावर थांबत. हातात काही नव्हतं.

आता तुम्ही. घर बांधत असाल, फ्लॅट घेत असाल, नुसतं मशीन हलवत असाल, तर नकाशा बाजूला ठेवा. दोन चादरी भिजवा, बादली भरा आणि जिथे धुणं न्यायचं ठरवलंय तिथवर स्वतः उचलून न्या. परत आल्यावर पेन्सिल त्या घरात जी धुते तिच्या हातात द्या आणि तिचं काढून होईपर्यंत गप्प बसा. सही त्यानंतर करा, तीही सगळ्यात शेवटी.