उंबऱ्याबाहेरच्या चपला

युद्धात देश सोडून आलेल्या एका चित्रकार बाईने आपलं पडलेलं घर गॅलरीत पांढऱ्या कापडाचं उभं केलं होतं. भिंती कापडाच्या, उंबराही कापडाचाच. चपला काढा असं कुणी सांगितलं नव्हतं, तरी आम्ही सगळ्यांनी त्या बाहेर काढल्या. घर म्हटलं की आपले पाय आपोआप थांबतात. आत काहीच नव्हतं. मलाही काही वाटलं नाही.

बाहेर आले तर ती चित्रकार बाई आमच्या चपलांकडे बघत उभी होती.

"काही चुकलं का?" मी इंग्रजीत विचारलं.

"नाही. आमच्याकडेही बाहेरच काढतात," ती म्हणाली. "घर पडलं त्या दिवशी तेवढ्याच उरल्या."

मग एकेक जण येऊन आपापल्या चपला घालू लागला. शेवटचा जोड जाईपर्यंत ती तिथून हलली नाही.